माजघरातील डबी
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



व्यसनमुक्तीचा विषय निघाला की आपल्या सभांतून पुरुषांच्या दारूचाच उल्लेख होतो. मी आज माजघरातील डबीविषयी बोलणार आहे. तव्यावर तंबाखू भाजून मिश्री कशी करतात, हे शिरूर-दौंडकडील भगिनींना मी सांगावयास नको. दाढ दुखते म्हणून, पोट साफ होत नाही म्हणून बोट हिरड्यांवर फिरू लागते आणि पुढे तिच्यावाचून सकाळ उजाडत नाही. यास आपण व्यसन म्हणतच नाही. सासूच सुनेच्या हाती डबी देते, मग म्हणणार कोण? मुंबईतील गर्भवतींची एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. मिश्रीसारखा तंबाखू वापरणाऱ्या मातांची बालके सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची आढळली.

डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' स्थापिले. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे साह्य त्यास लाभले. स्त्रियांसाठी 'निशिगंध' विभाग मात्र २००९ मध्ये निघाला. या तेवीस वर्षांचा दोष मी आपल्या घरांकडे देते. पुरुष उपचारास गेला तर 'सुधारतो आहे' म्हणतात. स्त्री गेली तर धाकट्या बहिणीच्या सोयरिकीची चिंता लागते!

गाणे हे औषधाची वा समुपदेशनाची जागा घेत नाही. दारूची जुनी सवय तर वैद्यांच्या देखरेखीवाचून एकाएकी सोडणे धोक्याचेच. परंतु तलफ ही लाटेसारखी असते. चढते आणि बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ तिच्याशी न झगडता श्वासाकडे लक्ष ठेवावे, असे मानसतज्ज्ञ सांगतात. आपल्या आज्यांना ही युक्ती निराळ्या रूपाने अवगत होती. ओवी म्हणताना उच्छ्वास आपोआप लांबतो, हात जात्यात गुंततो आणि सासरचे शल्य जात्यापाशी बोलून होते. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी अशा लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यांत आपल्या शिरूर-दौंडच्या स्त्रियांचाही आवाज आहे. गिरणी आली, कष्ट सरले, हे उत्तमच झाले. पण बोलावयाची ती जागाही गेली, आणि हाताशी उरली डबी.

म्हणून येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवास अर्धा तास ओव्यांसाठी राखावा. जिला डबी टाकावयाची आहे, तिच्याजवळ पहाटे एका शेजारणीने बसावे. कोणी भगिनी उपचारास पुण्यास निघाली, तर तिची मुले सांभाळणाऱ्यांची यादी कार्यवाहांनी आजच करावी. पहिले नाव माझे लिहावे.