मधुचंद्राचं तिकीट कुणाच्या नावानं?

परवा सांगलीहून माझी भाची साताऱ्याला आली होती. लग्न ठरलंय, मधुचंद्राला आल्प्सच्या डोंगरात जायचंय. आमची धाव महाबळेश्वरापर्यंत. मला कोण कौतुक! पण पोरगी काळजीत. "आत्या, पासपोर्टवर आधी सासरचं नाव लावावं लागेल का गं?"

नाही. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे, असा कायदा नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट लग्नानंतरही चालतो. फक्त व्हिसा, तिकीट, विमा सगळं त्याच नावानं काढायचं. एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं झालं, की अडलं.

शेंगेन व्हिसा एकच; त्यावर स्वित्झर्लंडचं इंटरलाकेन, ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग, इटलीतलं मिलान, सगळं होतं. अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. तिथून निघाल्यावर पुढं ३ महिने तरी पासपोर्टची मुदत शिल्लक हवी.

आणि युंगफ्राउयोखचं रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच! तिथं दम लागतो, सावकाश चाला.

नाव बदलायचं तर तेही असंच सावकाश, स्वतःच्या मनानं ठरवा. तिकिटाच्या घाईत नको.