गरिबांच्या दासी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशीं ह्या व्यासपीठावरून पुष्कळांचे आभार मानले गेले. देवळाचा पाया घालणारे धर्मगुरु, जमीन देणारे दाते, घंटा आणविणारे गृहस्थ, ह्या सर्वांचीं नांवें आपण ऐकलीं, आणि तीं ऐकणें योग्यच होतें. आमच्या महिला मंडळाचा उल्लेख मात्र एका वाक्यांत आटोपला, आणि तोहि ‘साहाय्यक मंडळ’ ह्या शब्दांत. त्या शब्दानें आम्ही थोडे अस्वस्थ झालों. साहाय्यक म्हणजे दुसऱ्याच्या कामाला हात लावणारा. तेव्हां हें काम मूळचें कोणाचें, हें इतिहासासच विचारावें म्हणून आम्ही आपणांस चारशें वर्षांहून अधिक काळापूर्वींच्या एका लहान गांवीं नेत आहों.

फ्रान्स देशाच्या पूर्व भागांत, लियों शहराच्या उत्तरेस, शातियों नांवाचें गांव आहे. इ. स. १६१७ च्या ऑगस्ट महिन्यांत विन्सेंट द पॉल हे तेथें धर्मगुरु म्हणून आले. पुढें ज्यांना सारें जग संत म्हणून ओळखूं लागलें तेच हे. पण त्या वेळीं त्यांची कोठें फारशी प्रसिद्धि नव्हती. २० ऑगस्टच्या रविवारीं ते मिस्सेचीं वस्त्रें धारण करीत असतां एक बाई आंत आली. गांवाबाहेरील एका एकाकी घरांत सर्वच माणसें आजारानें पडलीं आहेत, एकमेकांस मदत करण्यास उठेल असा एकहि नाहीं, असें तिनें सांगितलें. विन्सेंटबाबांनीं प्रवचनांत त्या कुटुंबाची दशा लोकांपुढें ठेविली.

सायंप्रार्थनेनंतर एका गृहस्थास बरोबर घेऊन ते त्या घराकडे निघाले, तों वाटेवर स्त्रियांची रीघ लागलेली. कोणी अन्न घेऊन चाललेल्या, कोणी परतत असलेल्या, कोणी उन्हानें थकून वाटेच्या कडेला विसावलेल्या. जणूं मिरवणूकच! त्या घरीं पोंचल्यावर मात्र त्यांच्या मनांत दुसरा विचार आला. आज इतकें अन्न आलें आहे कीं तें नासून जाईल. आणि परवां ह्याच लोकांना उपाशी राहावें लागेल. दया उदंड होती, पण तिला व्यवस्था नव्हती.

बंधुभगिनींनो, येथें क्षणभर थांबा. बातमी आणली ती एका बाईनें. उन्हांतून अन्न नेलें तें बायांनीं. धर्मगुरूंनीं काय केलें? त्यांनीं पाळी लावून दिली. हें काम लहान नव्हे, परंतु तें नंतरचें आहे.

तीन दिवसांनीं, २३ ऑगस्ट रोजीं, त्यांनीं गांवांतील कांहीं स्त्रियांस एकत्र बोलाविलें. फ्रांस्वाझ बाशे, शार्लोत द ब्री ह्या त्यांतल्याच. रोज एकीनें रुग्णांची सेवा करावी, असें ठरलें. २४ नोव्हेंबर रोजीं लियोंच्या धर्मप्रांताकडून नियमांस मान्यता मिळाली, आणि ८ डिसेंबर रोजीं, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशीं, दयासंघाची विधिपूर्वक स्थापना झाली. प्रमुख, तिच्या मदतनिसा, खजिनदार, ह्या जागांवर स्त्रियांनींच आपल्यांतून निवड करावयाची होती. सभासदांना नांव दिलें तें ‘गरिबांच्या दासी’. पवित्र मरियेनें देवदूताला उत्तर देतांना स्वतःस जें नांव घेतलें त्याचीच ही सावली.

त्या संघाचे नियम आजहि वाचावयास मिळतात, आणि ते वाचतांना आपण स्वयंपाकघरांत उभे आहों असें वाटतें. जिची पाळी असेल तिनें जेवण शिजवावें, रुग्णाकडे न्यावें, आनंदी मुद्रेनें त्याची विचारपूस करावी. खाटेवर तबक मांडून त्यावर रुमाल, पेला, चमचा व पाव ठेवावा. रुग्णाचे हात धुवावे, भोजनाची प्रार्थना म्हणावी, रस्सा ओतावा, मांसाचे तुकडे करून द्यावे, आणि आपल्याच लेकराला भरवीत आहों अशा मायेनें त्याला दोन घांस अधिक खाण्यास आर्जवावें. एक गोष्ट तर आमच्या मनांत कायमची घर करून राहिली आहे. ज्यांच्याजवळ कोणी माणूस आहे अशा रुग्णांपासून आरंभ करावा, आणि जे अगदीं एकटे आहेत त्यांच्याकडे सर्वांच्या शेवटीं जावें. कां, तर त्यांच्यापाशीं अधिक वेळ बसतां यावें म्हणून. सेमिनरींत आम्ही प्रीतीवर पुष्कळ ग्रंथ वाचले, परंतु प्रीतीचें इतकें सूक्ष्म ज्ञान आम्हांस फारच थोड्या पानांवर आढळलें.

हा वेल झपाट्यानें वाढला. संत लुईझ द मारियाक ह्या विधवा बाई १६२९ पासून गांवोगांव फिरून ह्या संघांची पाहणी करूं लागल्या. पॅरिस शहरीं मात्र अडचण आली. थोर घराण्यांतील स्त्रिया संघांत येत, पण पाळीच्या दिवशीं मोलकरणीला पाठवीत. ती उणीव खेड्यांतील मुलींनीं भरून काढली. सुरेन गांवची मार्गरित नासो गुरें राखतां राखतां वाचावयास शिकली, इतर मुलींस शिकविलें, मग रुग्णसेवेस आली; आणि प्लेग झालेल्या एका मुलीस स्वतःच्या अंथरुणावर जागा देऊन १६३३ सालीं त्याच रोगानें मरण पावली. त्याच वर्षीं २९ नोव्हेंबरला अशा मुलींतूनच ‘दयेच्या कन्या’ हा संघ उदयास आला.

आतां पैशाची गोष्ट. कांहीं गांवीं पुरुष व स्त्रिया ह्यांचा एकत्र संघ स्थापून पैसाहि एकत्र ठेविला होता. तो प्रयोग फसला. संत विन्सेंट ह्यांनीं १६५० सालीं आपल्या एका धर्मगुरूस पत्र लिहून ह्याचा अनुभव कळविला: पुरुष सर्व कारभार आपल्या हातीं घेऊं पाहतात, उलट स्त्रियांच्या कारभारांत बोट ठेवावयास जागा नाहीं, इतक्या त्या काळजीपूर्वक व चोख वागतात.

हें पत्र वाचून आम्हीं मान खालीं घातली, आणि त्याचें कारण आज सर्वांसमक्ष सांगणें आमचें कर्तव्य आहे. ह्या गांवीं आम्ही आलों तेव्हां महिला मंडळाजवळ पत्र्याची एक पेटी होती. तींत चुरगळलेल्या नोटा, नाणीं आणि एक वही. वहींत कोणत्या आजीला पेज नेली, कोणाला दांत नाहींत म्हणून मऊ भात, कोणाकडे रात्रीं बसावें लागलें, असल्या नोंदी. आम्हांस ती वही हिशेबाची वाटेना. आम्हीं पैसे धर्मग्रामाच्या खात्यांत घातले आणि मदतीसाठीं अर्ज लिहून घेण्याचा नियम केला. हिशेब स्वच्छ झाला. परंतु पुढच्याच पावसाळ्यांत एक वृद्ध गृहस्थ आठ दिवस अंथरुणाला खिळून होते, आणि आमच्याकडे त्यांचा अर्ज आला नाहीं. अर्ज लिहावयास उठणार कोण? मंडळांतील एका मावशींनीं आम्हांस तोंडावर सांगितलें, “फादर, पूर्वीं आमची पाळी असे, म्हणून आम्ही जात होतों. आतां पाळी कागदाची आहे.”

संत विन्सेंट ह्यांनीं दयेला व्यवस्था दिली; आम्हीं व्यवस्था ठेविली आणि दयेची वाट अडविली. ह्याबद्दल आम्ही मंडळाची क्षमा मागतों.

ती पेटी आज ह्या टेबलावर आहे, वहीसुद्धां. मंडळाचे जेवढे पैसे आम्हीं घेतले होते तेवढे तींत परत ठेविले आहेत. किल्ली अध्यक्षीणबाईंनीं घ्यावी. शातियोंच्या रीतीप्रमाणें वर्षांतून एकदां मंडळापुढें व आम्हांपुढें हिशेब वाचावा, एवढेंच पुरे. तरुण मुलींना आमचें सांगणें कीं आपल्या आया व मावश्या थकल्या आहेत. त्यांच्या पाळ्या रिकाम्या पडूं देऊं नका. आणि पुरुषमंडळींस एक विनंति. शातियोंच्या नियमांत विवाहित स्त्रीनें पतीची संमति घ्यावी अशी अट होती. आज आम्ही पतिराजांजवळ संमति मागत नाहीं. पाळीच्या दिवशीं घरची चूल त्यांनीं सांभाळावी, इतकेंच मागतों.

लिओ तेरावे ह्या परमगुरूंनीं १८८५ सालीं संत विन्सेंट ह्यांना सर्व दयाकार्याच्या संस्थांचे आश्रयदाते म्हणून घोषित केलें. त्यांच्या मध्यस्थीनें आमच्या गांवांत एकटें पडलेलें एकहि अंथरूण विसरलें न जावो, आणि ह्या गरिबांच्या दासींवर प्रभु येशूचा व त्याच्या पवित्र मातेचा आशीर्वाद सदैव राहो. आमेन.