दातांची साक्ष



मला बोलावताना चालकांची अपेक्षा अशी असावी की मी बोनस किंवा महागाईभत्ता यांवर बोलेन. त्या विषयांवर मी वर्षभर बोलतच असतो. आज मला दातांविषयी बोलायचे आहे. आणि तेही माणसांच्या नव्हे, तर हिमयुगात मेलेल्या जनावरांच्या. मी शास्त्रज्ञ नाही. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. परंतु पुरावा कसा तपासावा हे कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून थोडेफार समजले आहे, आणि या विषयाचे मर्म त्यातच आहे.

तेथे पहिला प्रश्न असतो, हा कागद लिहिला केव्हा? त्या त्या दिवशी भरलेला हजेरीपट वेगळा, आणि तारखेच्या आदल्या रात्री एकाच शाईने भरून काढलेला वेगळा. आपल्या हाडांत सतत मोडतोड आणि भरणी चालू असते. त्यामुळे हाडावरची जुनी नोंद पुसली जाते. दातावरचे एनॅमल मात्र एकदा तयार झाले की शरीर त्याची पुन्हा बांधणी करीत नाही. ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य. त्यात सुमारे 96 टक्के खनिज असते. हाडांची माती होते तेथेही दात उरतात, आणि त्यावरची नोंद ज्या वेळची त्याच वेळची असते.

या साक्षीचे महत्त्व जगाला कसे पटले ते पाहा. 1821 साली इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या कर्कडेल येथे चुनखडीच्या खाणीत मजुरांना एक गुहा लागली. आत हाडे आणि दात होते. गुरांचे अवशेष समजून ते खडीबरोबर रस्त्यावर टाकले गेले. तेथे ते एका जाणत्याच्या नजरेस पडले आणि ऑक्सफर्डचे प्राध्यापक विल्यम बकलंड तेथे आले. पाहतात तो हत्ती, गेंडा, पाणघोडा आणि तरस! त्या काळची समजूत अशी की, महापुराने उष्ण देशांतली मढी वाहून इकडे आणली. बकलंडनी एका जिवंत तरसाला हाडे फोडायला दिली आणि त्याच्या दातांच्या खुणा गुहेतल्या हाडांवरच्या खुणांशी ताडून पाहिल्या. त्या जुळल्या. म्हणजे ही तरसांची राहती गुहा होती. जनावरे वाहून आली नव्हती, तेथेच नांदत होती. आज आपण जाणतो की तो काळ सुमारे 1,20,000 वर्षांपूर्वीचा, दोन हिमकालांमधल्या उबदार कालखंडाचा होता. 1822 साली बकलंडना रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. खडी फोडणाऱ्यांचा उल्लेख पुस्तकांत 'मजूर' एवढाच येतो. असो.

आता दात काय काय सांगतो? मी म्हणेन, त्याच्यापाशी तीन वह्या आहेत, आणि तिन्हींचा काळ निरनिराळा आहे.

पहिली वही आकाराची. ती लाखो वर्षांची आहे. हत्तीची दाढ म्हणजे टाकी लावलेले जातेच. तिच्यावर एनॅमलच्या आडव्या धारा असतात. जुन्या दक्षिणी मॅमथच्या शेवटच्या दाढेत असे साधारण 13 पदर असत. थंडीतल्या लोकरी मॅमथच्या दाढेत ते 24 च्या आसपास गेले. गवतात वाळूसारखे कठीण कण असतात, त्यामुळे गवत चरणाऱ्याची दाढ लवकर झिजते. पदर वाढले, दाढ उंच झाली, याचा अर्थ त्या वंशाच्या वाट्याला कोवळा पाला कमी आणि चरबरीत गवत जास्त येऊ लागले.

दुसरी वही झिजेची. सूक्ष्मदर्शकाखाली दातावर बारीक ओरखडे आणि खळगे दिसतात. गवताने ओरखडे जास्त पडतात, कठीण फळे-बिया फोडल्या की खळगे. परंतु ही वही फार थोड्या दिवसांची. मरणापूर्वीच्या शेवटच्या काही दिवसांचे जेवण तेवढे तीत असते.

तिसरी वही रसायनाची. प्राणवायूचे काही अणू हलके, काही जड असतात. उत्तरेकडच्या थंड प्रदेशांत हवा जितकी थंड, तितके पावसा-बर्फाच्या पाण्यात जड अणू कमी. ते पाणी जनावर पिते आणि त्याचे प्रमाण दातात उतरते. मात्र हाच नियम आपल्या मोसमी मुलखात जसाच्या तसा लावता येत नाही. येथे पाऊस किती पडला याचाही त्यावर परिणाम होतो. कर्बाच्या अणूंचेही तसेच. ज्वारी, बाजरी, ऊस यांच्या जातीची उन्हाळी गवते आणि गहू, तांदूळ, झाडपाला यांची जात, यांतला फरक दातात उमटतो.

तीन वह्या जुळल्या तर उत्तम. आणि न जुळल्या तर? हा वाद प्रत्यक्ष झाला. सैबेरियापासून अलास्का-युकॉनपर्यंतच्या हिमयुगीन मुलखात मॅमथ, घोडे, गवे यांचे अवशेष विपुल सापडतात. डेल गथ्री हे अलास्कातले शास्त्रज्ञ म्हणाले, यांचे दात आणि पोट पाहा, ही गवत चरणारी जनावरे. तेव्हा तेथे मोठे गवताळ रान असलेच पाहिजे. परागकण तपासणारे म्हणाले, आम्हांला तळ्यांच्या गाळात विरळ, उघडीबोडकी जमीन दिसते. एवढ्या कळपांना चारा कोठला? 1980 च्या सुमारास हा वाद ऐन भरात होता. 2014 साली गोठलेल्या मातीतील वनस्पतींच्या जनुकद्रव्याची साक्ष पुढे आली. तिने दाखवले की तेथे गवताबरोबर रुंद पानांच्या सकस औषधींचीही रेलचेल होती, आणि जनावरे त्याही खात होती. दात खोटे बोलले नव्हते. पण दात 'मी चरबरीत चाऱ्यासाठी घडलो' एवढेच सांगतात. 'मी दुसरे काही खाल्लेच नाही' हे वाक्य आपण त्यांच्या तोंडी घातले होते.

आणखी एकच उदाहरण सांगतो. हत्तीचा सुळा म्हणजे वाढलेला पटाशीचा दातच. तो एकात एक बसवलेल्या शंकूंप्रमाणे थराथराने जन्मभर वाढतो. अलास्कात सुमारे 17,100 वर्षांपूर्वी मेलेल्या एका नर मॅमथचा सुळा शास्त्रज्ञांनी उभा चिरला; 2021 साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. जमिनीतील स्ट्रॉन्शियम धातूचे अणू चाऱ्यावाटे दातात जातात, आणि खडक बदलला की त्यांचे प्रमाण बदलते. त्यावरून तो कोठे कोठे हिंडला ते कळले. 28 वर्षांत त्याने जवळजवळ पृथ्वीला दोन प्रदक्षिणा होतील एवढी वाट तुडवली होती. शेवटच्या दीड वर्षात तो ब्रुक्स पर्वताच्या उत्तरेस थोड्याशा जागेत घुटमळत राहिला, आणि अखेरच्या थरांतील नत्रवायूची खूण सांगते की तो उपासमारीने गेला.

पण कोणत्या जमिनीची खूण कोणती, हा नकाशा कोठून आणला? संग्रहालयात जपलेल्या, अलास्काच्या ठिकठिकाणच्या उंदरांसारख्या लहान प्राण्यांच्या दातांवरून! जन्मभर आपले बीळ सोडून दूर न गेलेल्या या जिवांनी आपापल्या जमिनीची खूण जपली, म्हणून त्या महाकाय प्राण्याचा प्रवास वाचता आला. श्रोतेहो, मोठ्यांचा इतिहास असा लहानांच्या नोंदींवर उभा असतो.

आपल्याकडेही ही नोंद आहे. नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीच्या गाळात सापडलेल्या प्राचीन हत्तीचे वर्णन 1905 साली प्रसिद्ध झाले. नदीकाठी विहीर खणणारा, वाळू काढणारा माणूस अशा दाताजवळ सर्वांच्या आधी पोहोचतो. त्याने तो खडीत टाकू नये; जागेवर ठेवून जाणत्याला बोलवावे, कारण जागेवरून हलला की दाताची अर्धी साक्ष गेली. आणि जाणत्यांनीही, बोलावणाऱ्याचे नाव नोंदीत लिहावे. एवढेच मागणे मांडून मी आपली रजा घेतो.