विलायतेतील कॉलेज आणि प्रवेशाचा अर्ज

‘कॉलेज’ हा शब्द मराठी घरांतून इतका रुळला आहे की, त्याचा अर्थ विचारण्याची कोणास गरजच वाटत नाही. बारावीची परीक्षा आटोपली म्हणजे मुलगा कॉलेजात जातो, तीन-चार वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडतो, एवढे सर्वांच्या अंगवळणी पडलेले आहे. तथापि हाच शब्द विलायतेस गेला म्हणजे निरनिराळी सोंगे घेतो. ऑक्सफर्डातील कॉलेज हे विद्यापीठाचे अंग असते. ईटनचे कॉलेज ही १४४० साली स्थापन झालेली एक शाळा आहे. आणि इंग्लंडातील बहुतेक मोठ्या गावांतून जे ‘फर्दर एज्युकेशन कॉलेज’ आढळते ते या दोहोंहून वेगळे. एखाद्या घरी ‘मुलास लंडनच्या कॉलेजात प्रवेश मिळाला’ म्हणून पेढे वाटले जातात तेव्हा या तिहींपैकी कोणते कॉलेज, हा प्रश्न विचारण्याचे सौजन्य पाहुणे दाखवीत नाहीत, आणि पुष्कळदा घरच्या मंडळींनीही तो स्वतःस विचारलेला नसतो.

फर्दर एज्युकेशन म्हणजे शाळेच्या पुढचे, परंतु बव्हंशी पदवीच्या अलीकडचे शिक्षण. सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली मुले तेथे येतात, तशीच चाळिशीतील कामकरी माणसेही येतात. एका खोलीत ए-लेव्हलचे गणित चालू असते, पलीकडच्या खोलीत नळकाम शिकवीत असतात आणि तळमजल्यावर पाकशाळेत विद्यार्थी कांदा चिरीत असतात. कामकऱ्यांस संध्याकाळी शास्त्र शिकविण्यासाठी १८२३ साली लंडनमध्ये जी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट निघाली, तिच्यासारख्या संस्थांच्या परंपरेतून ही कॉलेजे पुढे आली. १८७८ साली सिटी अँड गिल्ड्स ही संस्था स्थापन झाल्यावर कारागिरीच्या परीक्षांना एक शिस्त आली. १९९२ च्या कायद्याने ही कॉलेजे स्थानिक मंडळांच्या ताब्यातून निघून स्वतंत्र झाली. ज्ञानाबरोबर हातास वळण लावणे हा त्यांचा बाणा आहे, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. कमीपणा आहे तो न समजून घेण्यात.

इंग्लंडात शिक्षणाच्या पायऱ्यांना आकडे दिलेले आहेत. ए-लेव्हल ही तिसरी पायरी, हायर नॅशनल सर्टिफिकेट चौथी, हायर नॅशनल डिप्लोमा पाचवी आणि पदवी सहावी. परदेशी विद्यार्थ्यास प्रवेशपरवाना, म्हणजे रोजच्या भाषेत व्हिसा, मिळावयाचा तर अभ्यासक्रम सामान्यतः निदान तिसऱ्या पायरीचा असावा लागतो. आता आपल्याकडील बारावी ही सर्वसाधारणपणे तिसऱ्या पायरीच्या आसपास धरली जाते. मग बारावी झालेल्या मुलाने हजारो पौंड खर्चून पुन्हा तिसऱ्याच पायरीवर का उभे राहावे? या प्रश्नास समाधानकारक उत्तर असू शकते. चित्रकलेच्या उच्च शाळेत जाण्यापूर्वी फाउंडेशनचे एक वर्ष करण्याची तेथे रूढी आहे. दहावीनंतर सोळाव्या वर्षीच जाणाऱ्या मुलास ए-लेव्हल हा सरळ मार्ग आहे. समुद्रावरील नोकरीचे उदाहरण तर मुंबईकरांना परके वाटू नये. १९२७ साली मुंबई बंदरात ‘डफरिन’ हे शिक्षणजहाज सुरू झाले तेव्हापासून दर्यावर्दी अधिकारी होण्याची हौस येथील मध्यमवर्गातही शिरली. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर साउथ शील्ड्स येथे डॉक्टर विंटरबॉटम यांच्या देणगीतून १८६१ साली निघालेली मरीन स्कूल आज अशाच एका कॉलेजाचा भाग आहे. पदवीखालच्या शिक्षणास प्रौढ विद्यार्थ्याला एकूण दोनच वर्षे मिळतात, मात्र सागरी खात्याच्या नियमाने आवश्यक असलेल्या अभ्यासक्रमास तीन वर्षे दिली जातात. नियम करणाऱ्यांनाही समुद्राचा मान ठेवावा लागला, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु उत्तर जर ‘बारावीत गुण कमी पडले आणि एजंटाने हे सुचविले’ एवढेच असेल, तर तेच उत्तर पुढे व्हिसाच्या अधिकाऱ्यासमोर द्यावे लागणार आहे, हे घरच्यांनी आधीच लक्षात घेतलेले बरे.

कारण या कामी एक अर्ज करून भागत नाही. पहिला अर्ज कॉलेजाकडे. तो बहुधा कॉलेजाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीकडेच जातो. गुणपत्रिका, पासपोर्टाची प्रत, इंग्रजीचा दाखला आणि विद्यार्थ्याचे निवेदन त्यासोबत असते. कॉलेजाने होकार दिला आणि अनामत रक्कम भरली गेली, म्हणजे कॉलेज सरकारदरबारी त्या विद्यार्थ्याची हमी घेते व त्यास एक क्रमांक देते. या हमीचे इंग्रजी नाव लांबलचक असल्याने सगळे तिला ‘कॅस’ म्हणतात. हा क्रमांक सहा महिन्यांच्या आत वापरावा लागतो. तिसरी पायरी व्हिसाच्या अर्जाची. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी फार तर सहा महिने आधी तो करता येतो. हमी घेण्याचा परवाना प्रत्येक कॉलेजास असतोच असे नाही. ज्या संस्थांना तो आहे त्यांची यादी ब्रिटिश गृहखाते प्रसिद्ध करते, आणि पहिला पैसा पाठविण्यापूर्वी ती यादी डोळ्यांखालून घालणे हे पाच मिनिटांचे काम आहे. परवाना गेला तर तेथे शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याची मुदत सामान्यतः साठ दिवसांवर आणली जाते, आणि तेवढ्यात त्याने दुसरी संस्था शोधावयाची किंवा घरी परतावयाचे. २०१२ साली लंडनमधील एका विद्यापीठावरही ही वेळ आली होती. मग लहानसहान संस्थांची कथा काय!

इंग्रजीविषयी फारसे भय बाळगण्याचे कारण नाही. पदवीखालच्या अभ्यासक्रमास ‘बी वन’ ही पातळी पुरते, म्हणजे आयेल्ट्स परीक्षेत वाचन, लेखन, श्रवण व संभाषण या चारांतही निदान चार गुण. मात्र परीक्षा व्हिसासाठी मान्य असलेल्या केंद्रावरचीच हवी, आणि कॉलेज स्वतःची अट याहून वर ठेवू शकते.

खरा घोळ होतो तो पैशाच्या पुराव्यात. पहिल्या वर्षाची जी फी भरावयाची राहिली असेल ती, आणि शिवाय राहण्याखाण्यासाठी दरमहा ठरविलेली रक्कम, जास्तीत जास्त नऊ महिन्यांची, दाखवावी लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या दराने लंडनमध्ये ही रक्कम महिन्यास १,५२९ पौंड व लंडनबाहेर १,१७१ पौंड आहे. म्हणजे नऊ महिन्यांचे लंडनात १३,७६१ आणि बाहेर १०,५३९ पौंड. हे पैसे ओळीने २८ दिवस बँकेत पडून असले पाहिजेत. आणि एका दिवसापुरती जरी शिल्लक त्या रकमेखाली गेली, तरी तो पुरावा बाद होतो. समजा, डोंबिवलीतील एका गृहस्थांनी रक्कम जमविली आणि विसाव्या दिवशी पुतणीच्या लग्नासाठी त्यातून लाखभर रुपये काढले, व आठवड्याने परत भरले. घरच्या हिशेबात त्याने काहीच बिघडत नाही. व्हिसाच्या हिशेबात सर्व दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावयास लागतात.

मराठी घराची संपत्ती ज्या रूपात असते तिचा या पुराव्यात उपयोग नाही, ही गोष्टही पुष्कळांना उशिरा उमगते. सोने, सदनिका, गावची जमीन, शेअर किंवा भविष्यनिर्वाह निधीची पावती यांतील काहीही चालत नाही. हातात येण्याजोगा रोख पैसाच लागतो, किंवा मान्यताप्राप्त बँकेचे शैक्षणिक कर्जाचे पत्र. शिवाय हा पैसा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात असावा लागतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मुलास काका आणि वडील यांत फरक वाटत नाही, पण काकांच्या खात्यातील पैसा हा त्या अधिकाऱ्याच्या लेखी परक्याचा पैसा. आईवडिलांच्या खात्यावर भिस्त ठेवावयाची तर नाते सिद्ध करणारा जन्मदाखला आणि त्यांचे संमतिपत्र जोडावे लागते. येथे नावांची गंमत सुरू होते. दाखल्यावर आईचे माहेरचे नाव, बँकेत सासरचे. पासपोर्टावर वडिलांचे नाव पूर्ण, दाखल्यावर नुसते ‘बाळासाहेब’. महानगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कचेरीतून अशी दुरुस्ती करून आणण्यास जे दिवस लागतात ते अर्जाच्या दिवसांत धरलेलेच नसतात. म्हणून निवेदनाची भाषा सजविण्याआधी सर्व कागद एका टेबलावर पसरून प्रत्येकाचे नाव अक्षराअक्षराने ताडून पाहण्यात एक रविवार खर्ची घालावा.

याशिवाय आरोग्यसेवेचा अधिभार आहे. विद्यार्थ्यास वर्षाला ७७६ पौंड याप्रमाणे तो संपूर्ण मुदतीचा एकदम घेतात. सहा महिन्यांहून अधिक राहावयाचे तर क्षयरोग नसल्याचा दाखलाही नेमून दिलेल्या दवाखान्यातूनच आणावा लागतो. तो सहा महिने चालतो.

आता ज्या एका समजुतीवर कित्येक घरांचा सारा बेत उभा असतो तिच्याकडे वळले पाहिजे. ‘तिकडे गेल्यावर मुलगा संध्याकाळी कुठेतरी काम करील आणि आपला खर्च भागवील,’ अशी ती समजूत. विद्यापीठात पदवीसाठी गेलेल्या शेजारच्या मुलाने हे केलेले असते, आणि ते खरेही असते. त्यास सत्रात आठवड्याला वीस तास कामाची मुभा आहे. परंतु फर्दर एज्युकेशन कॉलेजात जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. पूर्वी त्यास आठवड्याला दहा तास काम करता येई. ऑगस्ट २०१५ पासून सरकारी अनुदानावरील अशा कॉलेजांतील नव्या विद्यार्थ्यांची तीही सवलत काढून घेतली गेली. आज सामान्यतः अभ्यासक्रमाचाच भाग असलेला अनुभव सोडल्यास त्यास पगारी काम करता येत नाही. पत्नीस किंवा मुलांस सोबत नेता येत नाही. पदवीनंतर राहून नोकरी शोधण्यासाठी जो ‘ग्रॅज्युएट’ मार्ग आहे, तो नावाप्रमाणेच पदवीधरांचा. डिप्लोमा घेतलेल्यास तो उघडत नाही. तेव्हा ज्या घराने कर्ज काढताना मुलाच्या तिकडच्या कमाईचा आकडा जमेस धरला असेल, त्याने तो आकडा खोडून पुन्हा बेरीज करावी. बेरीज जमत नसेल तर ते डोंबिवलीतच कळलेले चांगले. तेथे गेल्यावर कळले म्हणजे मुलगा चोरून काम करू लागतो, पकडला जाण्याच्या भीतीने निम्म्या मजुरीवर राबतो, आणि घरी ‘सर्व ठीक आहे’ म्हणून कळवितो.

एजंटांविषयी दोन शब्द. बहुतेक एजंटांस विद्यार्थ्यामागे कॉलेजाकडून दलाली मिळते. त्यात बेकायदा असे काही नाही, परंतु सल्ला देणाऱ्याचे हित कोठे गुंतले आहे एवढे ठाऊक असावे. त्यांच्याकडून येणारे निवेदन बहुधा छापील साच्याचे असते. बालपणापासून आतिथ्यव्यवसायाची ओढ असलेली शंभर मुले एकाच वाक्यात ती ओढ सांगतात. अधिकारी मुलाखतीस बोलावून हाच अभ्यासक्रम का, हेच गाव का, पुढे काय, असे विचारू शकतो, आणि स्वतः न लिहिलेले निवेदन तेथे तोंडावर पडते.

निवेदन कसे असावे याचा नमुना दूर शोधावयास नको. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ च्या जूनमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजास जे पत्र पाठविले त्यात आपणास कोणत्या भाषा येतात, किती शिक्षण झाले आणि पुरुष डॉक्टराकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रियांसाठी हे शिक्षण का हवे, हे सरळ सांगितले होते. त्या काळी व्हिसा नव्हता, बँकेचे २८ दिवस नव्हते; परंतु का यावयाचे, हा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर तिचे स्वतःचे होते. १८८६ च्या मार्चमध्ये ती तेथून पदवी घेऊन बाहेर पडली.

खोटा कागद जोडण्याचा मोह तर दुरूनच टाळावा. उसनी शिल्लक किंवा बनावट गुणपत्रिका उघडकीस आली तर अर्ज नाकारला जातो, एवढेच नव्हे तर दहा वर्षांपर्यंत त्या देशाचे दार बंद होऊ शकते. अठरा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने दहा वर्षे म्हणजे उमेदीचा सारा काळ. आणि हे पातक बहुधा त्याच्या नकळत दुसऱ्याच कोणी केलेले असते. सही मात्र त्याची असते.

अर्ज प्रामाणिक असूनही नकार येऊ शकतो. तशा वेळी आरोग्याचा अधिभार परत मिळतो, व्हिसाची फी मिळत नाही, आणि कॉलेजाकडे भरलेली रक्कम त्या कॉलेजाच्या परताव्याच्या नियमांप्रमाणे, कधी बहुतेक सगळी तर कधी कापून, परत येते. हे नियम प्रवेशपत्राच्या शेवटच्या पानांवर बारीक टाइपात असतात. अनामत पाठविण्यापूर्वी, शक्यतो विद्यार्थ्याने आणि वडिलांनी एकत्र बसून, ती पाने मोठ्याने वाचावीत.