आवाज बंद करू नका, उष्णता कमी करा: घरातल्या रॅक सर्व्हरची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारला होता. घरी जुना रॅक सर्व्हर घेतलाय, विमानासारखा ओरडतो, काय करू? मी यातून गेलोय. चुकीच्या मार्गाने आधी गेलो आणि मग बरोबर मार्गाने. दोन्ही सांगतो.

आमचं घर निगडीला, दोन बेडरूमचा फ्लॅट. बाबा चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहेत, प्रेस शॉपमध्ये. पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रात्रपाळी. त्यामुळे माझं अख्खं लहानपण ‘हळू बोल, बाबा झोपलेत’ या वाक्यात गेलंय. रात्रपाळी असली की आमच्याकडे सकाळी नऊ ते दुपारी तीन ही रात्र. त्या वेळात मिक्सर लागत नाही, बेल वाजू नये म्हणून दारावर चिठ्ठी असते.

अशा घरात मी २०२३च्या डिसेंबरमध्ये जुना डेल आर७२० आणला. दोन यू उंची, दोन प्रोसेसर, १२८ जीबी रॅम, चार हार्ड डिस्क. मला कुबरनेटीस नीट शिकायचं होतं, नोकरी बदलायची होती. आणि घरातले सगळे फोटो, ताईच्या लग्नाचं शूटिंग एका जागी ठेवायचं होतं. माझी खोली म्हणजेच माझं ऑफिस, टेबलाखाली सर्व्हर. त्या टेबलामागची भिंत बाबांच्या खोलीची.

चालू केल्यावर पहिलं अर्धं मिनिट पंखे पूर्ण वेगात फिरतात, मग शांत होतात. माझे पुरेसे शांत होत नव्हते, कारण मी त्यात बाहेरचं एक नेटवर्क कार्ड घातलं होतं. या सर्व्हरला ओळखीचं नसलेलं कार्ड दिसलं की त्या कार्डाचं तापमान त्याला कळत नाही, म्हणून तो सावधगिरीने पंखे वाढवून ठेवतो. त्याचं चूक नाही. डेटा सेंटरमध्ये आवाजाने कोणाची झोप मोडत नाही.

मी हेडफोन लावून काम करायचो. मला काही वाटायचं नाही.

महिन्याभराने एकदा दुपारी जेवताना आईला विचारलं, बाबा कुठे गेलेत? रात्रपाळीचा आठवडा होता. आई म्हणाली, “खाली सोसायटीच्या ऑफिसात झोपतात. चटई घेऊन जातात.”

“कधीपासून?”

“तुझं ते मशीन आल्यापासून. तुला सांगू नको म्हणाले. नोकरीसाठी करतोय म्हणाले.”

मला घास गिळेना. प्रेसच्या खाली हात घालून काम करणारा माणूस महिनाभर फरशीवर अर्धवट झोपून कामाला जात होता.

त्याच संध्याकाळी मी जे केलं ते शंभरातले नव्वद जण करतात. आयपीएमआयटूल नावाचं एक टूल आहे. सर्व्हरच्या आत मुख्य संगणकापासून वेगळा एक छोटा कंट्रोलर असतो, डेलमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात. त्याला या टूलने कच्च्या कमांड देता येतात. पहिली कमांड सांगते की पंख्यांचा ताबा मला दे. दुसरी सांगते की वेग इतके टक्के ठेव. मी दहा टक्के ठेवला. घर एकदम शांत. (एक सूचना इथेच देतो: नव्या पिढीत, म्हणजे आयड्रॅक ९च्या ३.३४ फर्मवेअरपासून पुढे ही सोय बंद केलेली आहे. जुन्यांवर चालते.)

बाबा परत घरात झोपायला लागले. मला वाटलं, सुटला प्रश्न.

मग एप्रिल आला. बाहेर चाळीस अंश, माझ्या खोलीत पस्तीस. या सर्व्हरसाठी आत येणाऱ्या हवेची नेहमीची मर्यादाच १० ते ३५ अंश आहे, म्हणजे मी काठावर उभा. आणि पंखे दहा टक्क्यांवर बांधलेले. एका शनिवारी मेल आला: चारपैकी एक डिस्क बाहेर पडली. बाकीच्या तिघींचं तापमान बघितलं तर ५८, ५९, ५७. डिस्कची मर्यादा साधारण ६०. माझी रचना अशी होती की एक डिस्क गेली तर चालेल, दुसरी गेली की सगळं गेलं. आणि ताईच्या लग्नाचं शूटिंग फक्त तिथेच होतं. बॅकअप ‘पुढच्या महिन्यात’ घेणार होतो.

मी घाबरलो आणि दुसरी चूक केली. सर्व्हरचं झाकण उघडलं, वर टेबलफॅन लावला. उघडं ठेवलं की थंड होईल ना? डिस्कचं तापमान अजून एक अंश वर गेलं.

बाबा उठून आले. दारात उभं राहून त्यांनी बघितलं आणि विचारलं, “झाकण का काढलंस?”

“हवा लागावी म्हणून.”

“आत हवा कुठून कुठे जाते?”

मी सांगितलं. पुढून आत येते, आधी डिस्कवरून, मग मधले सहा पंखे तिला खेचतात, मग प्रोसेसर, मग कार्डं, आणि मागून बाहेर.

“मग झाकण म्हणजे पाईपची भिंत आहे. पाईप फोडलास तर पंखा वरूनच हवा ओढेल, पुढून कशाला ओढेल? लाव ते.”

झाकण लावलं, पंख्यांचा ताबा सर्व्हरला परत दिला. तो जोरात ओरडायला लागला. दहा-बारा मिनिटांत डिस्क ४५च्या खाली आल्या. मी लगेच नवी डिस्क घातली नाही, कारण नवी डिस्क भरताना जुन्या तिन्हींवर तासन्‌तास ताण येतो. आधी शूटिंग आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर कॉपी केले. सहा तास लागले. बाबा ते सहा तास त्या आवाजात हॉलमध्ये पेपर वाचत बसले होते.

कॉपी झाल्यावर मी त्यांना खरं सांगितलं, की पंखे मी बांधून ठेवले होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, “आमच्याकडे पण हेच केलं. मशीन ओरडते म्हणून आम्हाला कानाला मफ दिले. मशीन तशीच राहिली.” बाबांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं. मग म्हणाले, “पंखा ओरडतो कारण पॅनेल तापतं. पॅनेल कमी तापव, पंखा आपोआप गप्प बसेल.”

मंडळी, आजच्या भागात घ्यायचं असेल तर हे एक वाक्य घ्या. बाकी सगळा त्याचा हिशोब आहे. क्रमही तोच: आधी उष्णता कमी करायची, मग तिला वाट द्यायची, आणि सगळ्यात शेवटी पंख्याला हात लावायचा. मी उलट्या टोकाने सुरुवात केली होती.

पहिली पायरी, उष्णता कमी करणं. भिंतीच्या सॉकेटला वीज मोजणारा प्लग लावला. काही काम नसताना सर्व्हर २१० वॅट खात होता. यातला प्रत्येक वॅट शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच येतो. मला खरंच दोन प्रोसेसर हवे होते का? नाही. एक काढला. त्याच्याबरोबर रॅमच्या अर्ध्या जागा आणि काही कार्डांचे स्लॉट बंद होतात, हे लक्षात ठेवा. रिकाम्या जागी कोरं झाकण बसवायचं, नाहीतर हवा सोप्या वाटेने पळते आणि गरम भागाकडे जातच नाही. रॅमच्या काही पट्ट्या काढल्या. चार जुन्या डिस्कऐवजी दोन मोठ्या, एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या. बाहेरचं नेटवर्क कार्ड काढलं. ते मी हौसेनेच घातलं होतं. आता ११० वॅट. शंभर वॅट कमी, म्हणजे महिन्याला ७२ युनिट कमी. आईला ही पायरी सगळ्यात आवडली.

दुसरी पायरी, वाट देणं. बरेच जण सर्व्हर कपाटात ठेवून दार लावतात. आवाज कमी होतो, पण आतली गरम हवा फिरून परत पुढूनच आत जाते आणि तासाभरात कपाटाचा ओव्हन होतो. हिशोब सोपा आहे. ११० वॅट उष्णता दहा अंशांच्या फरकात बाहेर न्यायची तर तासाला साधारण ३३ घनमीटर हवा लागते, म्हणजे सुमारे २० सीएफएम. १४० मिलिमीटरचा एक पंखा हे अगदी हळू फिरून करतो.

आणि हळू फिरणं का महत्त्वाचं, तेही सांगतो. पंख्याचा वेग अर्धा केला तर हवा अर्धी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून मोठा पंखा हळू फिरवायचा, हे गणित. मग सर्व्हरमधले छोटे पंखे काढून महागडे शांत पंखे का नाही घालायचे? कारण आतली जागा दाट असते, तिथून हवा ढकलायला दाब लागतो. वेग अर्धा झाला की दाब पावपट होतो. शांत पंखे तो दाब देत नाहीत, आणि कमी फेरे बघून सर्व्हरही तक्रार करतो. आतले पंखे मूळचेच ठेवा.

बाबांनी दोन रविवार घालवून प्लायचा खोका बनवला. पुढे खालून हवा आत येते, एक वळण घेते, मग सर्व्हरच्या तोंडाशी पोचते. मागेही तसंच. बाहेरून बघितलं तर सर्व्हर सरळ रेषेत कुठूनच दिसत नाही, कारण सरळ वाट मिळाली की आवाज तिथूनच बाहेर येतो. वळणांवर आतून जुनं जाड नमदा-कार्पेट चिकटवलं, ते आवाज शोषतं. पण लक्षात ठेवा, नुसता फोम आवाज अडवत नाही. अडवायला वजन लागतं, म्हणून १९ मिलिमीटरचा प्लाय. मागून स्वयंपाकघरातल्या चिमणीचा असतो तसा सहा इंची अॅल्युमिनियमचा पाईप, तो खिडकीतून बाहेर, तिथे १४० मिलिमीटरचे दोन पंखे आणि पावसासाठी तिरक्या पट्ट्या. पुढे एसीची जाळी, दर महिन्याला धुवायची. खोक्याखाली वॉशिंग मशीनचे रबरी पाय, कारण अर्धी घरघर हवेतून नाही, फरशीतून जात होती. आणि खोका बाबांच्या भिंतीपासून काढून पॅसेजच्या बाजूला नेला. त्याला शून्य रुपये लागले. हे मी पहिल्या दिवशी करू शकलो असतो.

तिसरी पायरी, आता पंख्याला हात. माझी स्क्रिप्ट दर दहा सेकंदांनी प्रोसेसर आणि डिस्क, दोन्हींचं तापमान बघते आणि त्याप्रमाणे वेग ठरवते. डिस्क ४६च्या वर किंवा प्रोसेसर ७०च्या वर गेला की ताबा सरळ सर्व्हरला परत. स्क्रिप्ट कुठल्याही कारणाने मेली, तर मरताना ताबा परत देऊन मरते. पण समजा अख्खी ऑपरेटिंग सिस्टिमच अडकली तर? कंट्रोलर तुमचा शेवटचा आकडा धरून बसतो, दहा टक्के तर दहा टक्के. म्हणून एक रास्पबेरी पाय बाहेरून लक्ष ठेवतो. सर्व्हरकडून दोन मिनिटं खबर आली नाही की तो नेटवर्कवरून कंट्रोलरला सांगतो, ताबा घे. बिघाड झाला तर घर ओरडलं पाहिजे, गप्प राहता कामा नये.

निकाल सांगतो. फोनवरच्या अॅपने, त्यामुळे आकडे अंदाजे समजा: बाबांच्या उशीजवळ आधी ४७ डेसिबल होते, आता सर्व्हर चालू असो की बंद, फरक दिसत नाही, ३३-३४च्या आसपास. तुलनेसाठी, आपल्या नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ आहे. बाबांची रात्र दिवसा असते, एवढंच. डिस्क एप्रिल-मेमध्येही ४४च्या वर गेलेल्या नाहीत.

सगळं गोड झालंय असं नाही. मेमध्ये दुपारी दोन-तीन दिवस पंखे वाढलेच. खोलीच पस्तीसच्या वर गेली तर कुठलाही खोका काही करू शकत नाही, हवा थंड असली तरच ती थंड करते. त्यावर मी हे केलं: बॅकअप, डिस्कची तपासणी, जड बिल्ड ही सगळी कामं बाबा कामावर असतात तेव्हाच चालतात. त्यांच्या पाळीचं वेळापत्रक माझ्या क्रॉनमध्ये आहे. पाळी बदलली की ते फ्रिजवर कागद लावतात आणि मी फाइल बदलतो.

जाता जाता एक प्रामाणिक सल्ला. तुम्हाला शिकण्यासाठी दोन-चार व्हर्च्युअल मशीन हव्या असतील, तर जुना छोटा ऑफिस डेस्कटॉप घ्या. कमी वीज, जवळपास शून्य आवाज. रॅक सर्व्हर घ्यायचाच असेल तर आधी भिंतीच्या पलीकडे कोण झोपतं ते बघा, आणि त्याला विचारा. तो स्वतःहून सांगेलच असं नाही.

तुमचे प्रश्न पाठवा. स्क्रिप्टमध्ये काय-काय चुकू शकतं, त्यावर पुढच्या भागात बोलू. आणि हो, आज बॅकअप घ्या. पुढच्या महिन्यात नको, आजच.

भेटू, नमस्कार.