तिसऱ्या दिवसाचे ठोके



मला संगणकावर बोलायला सांगितलंय. पण सकाळपासून चहाच्या टेबलावर ऐकतेय, आपल्या गप्पा फिरून फिरून शुगर आणि बायपासवरच येतात. तेव्हा पाच मिनिटं त्यावरच. मी डॉक्टर नाही. वडिलांच्या बायपासच्या वेळी डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजलं, तेवढंच सांगते.

ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या दिवशी मॉनिटरवर ठोके १४० वर गेले, तेही वेडेवाकडे. आम्ही घाबरलो, सिस्टर शांत होत्या. बायपासनंतर साधारण तीन-चार जणांत एकाला हे होतं, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. गणपतीत आपल्या पळस्पे फाट्यावर सगळ्या गाड्या एकदम घुसतात आणि कोणीच पुढे सरकत नाही, तसं हृदयाच्या वरच्या कप्प्यांचं होतं. ते नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. तिथे रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत गेली की पक्षाघात.

हे टाळता येतं का? बऱ्याच अंशी, हो. बीटा ब्लॉकरची गोळी आधीपासून चालू असेल, तर ती ऑपरेशनच्या धावपळीत अचानक बंद पडू नये. ज्यांना हा त्रास आधीपासूनच आहे, त्यांच्या हृदयाच्या ऑपरेशनमध्येच ती पिशवी बंद करता येते. २०२१ साली सुमारे ४,८०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पिशवी बंद केलेल्यांत पक्षाघात किंवा गुठळीचा त्रास ४.८ टक्के, न केलेल्यांत ७ टक्के. ऑपरेशनआधी सर्जनना हे जरूर विचारा.

घरी आल्यावरची जबाबदारी आपली. ठोके बहुतेकदा काही आठवड्यांत ताळ्यावर येतात. पण रक्त पातळ करणारी गोळी दिली असेल तर 'आता बरं वाटतंय' म्हणून ती स्वतःहून थांबवायची नाही. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम असेल तर आयएनआर तपासणी चुकवू नका. मेथी-पालक सोडायची गरज नाही. फक्त एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असं नको. दुखण्यावरची गोळीही डॉक्टरांना विचारूनच, कारण रक्तस्राव वाढू शकतो.

वडिलांसाठी मी एक साधी वही केली. रोज सकाळी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची. आकडा लिहायचा, आणि लय सरळ की वाकडी तेही. वाकडी वाटली की डॉक्टरांना फोन. मोबाईल ॲप बनवणाऱ्या मुलीने वही दिली म्हणून वडील हसले, पण वही अजून चालू आहे.

सर, बाई, तुम्हाला खास विनंती. तोंड वाकडं झालं, एक हात गळाला किंवा बोबडी वळली, तर 'झोपून बघू' म्हणू नका. लगेच १०८. शेवटचं ठीक कधी होतात ती वेळही सांगा, पुढचे उपचार तिच्यावर ठरतात.

पुढच्या मेळाव्याला सगळ्यांनी यायचंय.