वादळ यायच्या आधीचे दोन दिवस

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं की तू सारखी 'निसर्गच्या वेळेला', 'निसर्गच्या आधी' असं म्हणतेस, ते नक्की काय? तर आज तेच सांगते. आमच्या श्रीवर्धन तालुक्यात आता काळ असाच मोजतात. लग्न निसर्गच्या आधीचं की नंतरचं, घर आधीचं की नंतरचं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. पण त्या दिवसाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. उडणारे पत्रे, मोडणारे माड वगैरे. मला त्याच्या आधीच्या दोन दिवसांबद्दल बोलायचंय, कारण खरी भीती तेव्हाच असते. वादळ आलं की भ्यायलासुद्धा वेळ नसतो.

आधी ते दिवस आठवा. लॉकडाऊन. मुंबईहून चाकरमानी गावाला आलेले, मीही त्यातलीच. आल्यावर चौदा दिवस शाळेत काढून नुकतीच घरी गेले होते. २० मेला बंगालमध्ये अम्फान येऊन गेलं होतं, त्याच्या बातम्या आम्ही टीव्हीवर बघितल्या होत्या. 'बापरे, बिचारे' म्हटलं आणि जेवायला बसलो. वादळं पूर्वेला येतात, आपल्याकडे नाही, असं डोक्यात पक्कं बसलेलं.

त्यात गंमत म्हणजे नाव. अम्फान हे जुन्या यादीतलं शेवटचं नाव होतं आणि नव्या यादीतलं पहिलं नाव बांगलादेशाने दिलेलं, निसर्ग. आजी म्हणाली, "नाव तर किती चांगलं ठेवलंय गो बाय."

एक तारखेला व्हॉट्सॲपवर नकाशे यायला लागले. त्याबरोबर कचराही आला. 'अठराशे ब्याऐंशीला मुंबईत वादळात एक लाख माणसं मेली होती' असा एक फॉरवर्ड तर प्रत्येक ग्रुपवर. नंतर वाचलं की अभ्यासकांनी शोधाशोध केली तर तेव्हाच्या नोंदींत असं वादळ सापडतच नाही. पण त्या रात्री ते वाचून आईला झोप लागली नव्हती.

टीव्ही लावला की मुंबई, मुंबई आणि मुंबई. मुंबईत काय होणार, मुंबईने काय करावं. आमचं नाव खालच्या पट्टीत पळायचं. मला त्याचा अजून राग आहे, सांगून टाकते.

दोन तारखेला बंदरावर बावटा चढला. कोळीवाड्यात हे बावट्याचे आकडे लहान पोरांनाही पाठ असतात. तीन नंबर म्हणजे सावध राहा, आठच्या पुढे गेलं की मोठा धोका. एक जूनपासून मासेमारीबंदी सुरू झालेली, त्यामुळे बऱ्याच होड्या आधीच वर ओढायला घेतल्या होत्या. बंदी आठवडाभर पुढे असती तर किती जण समुद्रात असते, हा विचार नंतर आला.

आमच्या घरी काय चाललं होतं? आमचं घर कौलारू. मे महिन्यात शाकारणी असते, म्हणजे कौलं उतरवून, फुटकी बदलून परत लावायची. त्या वर्षी गडी मिळाले नाहीत, त्यामुळे पडवीवरची कौलं बसवलेली आणि माजघरावरची नुसती टेकवलेली. बाबा दोन तारखेला दिवसभर छपरावर होते. गोठ्याच्या पत्र्यांवर वाळूच्या गोणी ठेवल्या, वाशांना तार आवळली. मी खालून तार देत होते. मध्येच ते थांबायचे आणि समुद्राकडे बघायचे. समुद्र तसा नेहमीसारखाच होता. हवा मात्र अजिबात हलत नव्हती.

आईने विहिरीचं पाणी काढून घरातलं प्रत्येक भांडं भरलं, अगदी लोणच्याच्या रिकाम्या बरण्यासुद्धा. लाईट गेली की पंप बंद, हे तिला पक्कं माहीत. मी सातबारा, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक असं सगळं दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत घालून तांदळाच्या डब्यात ठेवलं. फोन चार्ज केले. एक गोष्ट केली नाही, ती म्हणजे नंबर कागदावर लिहून ठेवणं. ते पुढे सांगते.

दुपारी रिक्षा फिरली, स्पीकर लावून. कच्च्या घरातल्या लोकांनी शाळेत जावं. पण शाळेत कोण? क्वारंटाइनमधले चाकरमानी! म्हणजे वादळाला भिऊन शाळेत गेलो तर करोना, आणि करोनाला भिऊन घरी राहिलो तर डोक्यावर आढं. आजी म्हणाली, मी कुठेही येत नाही. फयान बघितलंय मी. २००९ सालच्या नोव्हेंबरमधलं ते फयान. आमच्या वाडीतला एक आंबा पडला होता त्यात, बस्स. तिच्या हिशेबाने वादळ म्हणजे एक आंबा.

तिसरा पर्याय होता आणि तो सगळ्यांना दिसत होता. शेजारी अण्णांचं घर, बाबांचे चुलतभाऊ. वाडीत स्लॅबचं एकच घर, त्यांचं. आणि बांधावरून सात वर्षं बोलणं बंद. हाताच्या अंतरावर राहून गणपतीतसुद्धा एकमेकांकडे जाणं नाही. बाबा म्हणाले, "मी त्या दारात जाणार नाही." त्यावर कोणी काही बोललं नाही.

रात्री साडेनवाला आई बॅटरी घेऊन बाहेर पडली. मी मागोमाग. तिने अण्णांच्या पायरीखाली उभं राहून सांगितलं, "भावोजी, उद्या सकाळी आम्ही येतोय. चौघं आहोत." अण्णा म्हणाले, "विचारायला कशाला आलीस? म्हातारीला उचलून आण हवी तर."

सकाळी आजी स्वतःच्या पायांनी गेली. पाऊस सुरू झाला होता. निघताना बाबांनी गोठ्यातल्या दोन्ही गाईंची दावी सोडली. हे लक्षात ठेवा, तुमच्याकडे गुरं असतील तर. बांधलेलं जनावर छपराखाली सापडतं, सुटलेलं आपली जागा शोधतं.

वादळ किनाऱ्याला साडेबारा ते अडीचच्या दरम्यान लागलं, अलिबागच्या दक्षिणेला, आमच्या पट्ट्यात. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. अण्णांच्या दोन खोल्यांत आम्ही सतरा माणसं. सुपाऱ्या मोडताना फटाक्यांच्या माळेसारखा आवाज येतो, एवढंच सांगते.

मग एकदम कमी झालं. बाबा उठले, कडीला हात लावला. छप्पर बघून येतो म्हणाले. अण्णांनी त्यांचा दंड धरला. "बस खाली. अजून परतीचं यायचंय." सात वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

अण्णांचं बरोबर होतं. आपल्याकडे चक्रीवादळ घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं. ते नैऋत्येकडून आपल्यावर येतं तेव्हा पुढच्या बाजूचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. मधला शांत भाग निघून गेला की वारा फिरतो आणि समुद्राकडून येतो. पहिल्या वाऱ्याने ढिलं केलेलं सगळं दुसरा उलटीकडून ढकलतो. मधल्या शांततेत बाहेर पडलेली माणसं त्यात सापडतात. आणि वादळाच्या वाटेच्या उजव्या हाताला मारा जास्त असतो. ते ईशान्येकडे जात होतं, म्हणजे उजवीकडे आम्ही आणि डावीकडे मुंबई. टीव्हीवर संध्याकाळी 'मुंबई बचावली' असं चाललं होतं म्हणे. आमच्याकडे टीव्ही नव्हता, लाईटच नव्हती. ती यायला महिना लागला.

आमचं माजघर उघडं पडलं. वाडीतल्या दोनशेच्या वर सुपाऱ्यांपैकी एकोणीस उभ्या होत्या, बाबांनी दोनदा मोजल्या. सुपारी लावल्यावर हाताशी यायला सहा-सात वर्षं जातात. त्यामुळे आजी त्या संध्याकाळी म्हणाली ती एकच गोष्ट मला आठवते, "आता मी काय ती बघणार नाही." तिने बघितली नाही.

टॉवर पडल्यामुळे रेंज गेली होती. ताई मुंबईत तीन दिवस फोन लावत होती. चौथ्या दिवशी एक जण दुसऱ्या गावी जात होता, तिथे रेंज होती. म्हटलं, ताईला एक फोन कर. तो म्हणाला, नंबर दे. माझा फोन बंद पडलेला आणि सख्ख्या बहिणीचा नंबर मला पाठ नाही! तेव्हा आत्ता, हा भाग ऐकून झाल्यावर, चार नंबर कागदावर लिहा आणि घरातल्या डब्यात टाका. समुद्राजवळ राहत असाल तर नक्की. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आमच्या तांदळाच्या डब्यात तो कागद होता.

आणि हो, बांधाचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. वाद अजून आहे. मोजणीवाले पुढच्या महिन्यात येणार आहेत. त्या दिवशीचं जेवण अण्णांकडे आहे.